झेलेसीची टाळी

झेलेसी न्जोवूला गावात हट्टी म्हणणारे होते, चिक्कू म्हणणारे होते, पण उद्धट कुणी म्हटलं नव्हतं. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत तरी नव्हतं. आमच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात माणसाची पारख टाळीवरून होते. वाटेत वडीलधारं भेटलं, कुणी काही हातात दिलं, कुणाची माफी मागायची असली, की गुडघे टेकायचे, तळवे पोकळ धरायचे आणि सावकाश टाळी वाजवायची. समोरच्याने टाळीनेच उत्तर द्यायचं. फटाफट वाजवणारा माणूस शहरातला असतो नाहीतर खोटा असतो. झेलेसीची टाळी ओल्या मडक्यावर थाप मारावी तशी होती, खोल आणि बिनघाईची. मुखिया चिलेन्गाची म्हातारी आई एनेलेसी, डोळ्यांनी पार आंधळी, वाजणाऱ्या टाळीवरून माणूस ओळखायची. गावातल्या पोरींना ती सांगायची, "टाळी शिकायची तर त्या हत्तिणीकडे जा."

हत्तीण म्हणायची, कारण झेलेसीचं कूळच हत्तीचं. या कुळातली माणसं हत्तीचं मांस तोंडाला लावत नाहीत. खाल्लं तर दात पडतात म्हणतात. आणि रानात हत्ती दिसला तर त्याला आजोबा म्हणून लांबूनच टाळीचा नमस्कार करतात. नवरा वारल्यावर झेलेसी त्याच्याच गावात राहिली. मुखियाने नदीकाठचा एक तुकडा कसायला दिला होता, त्यावर तिचं चालायचं. शेजारी टिफेले राहायची, चिखलाच्या कुळातली. हत्तीचं कूळ आणि चिखलाचं कूळ यांच्यात चेष्टेचं नातं आहे. एकमेकांना काहीही बोलावं, कुणी रागवायचं नाही, मयताच्या घरीसुद्धा नाही. टिफेलेची जीभ आधीच वस्तऱ्यासारखी, त्यात तिला नात्याचा परवाना मिळालेला. मग काय विचारता.

एका वर्षी नदीचं पाणी आटलं आणि मागे राहिलेल्या डबक्यात हत्तीचं एक पिल्लू रुतलं. कळप रात्रभर ओरडून निघून गेला. सकाळी गाव जमलं, आणि रिकाम्या हाताने कुणीच आलं नव्हतं. सुऱ्या होत्या, टोपल्या होत्या, मीठसुद्धा होतं. झेलेसीने कमरेला गुंडाळायचं कापड, आमचं चितेंगे, सोडलं, ते पिल्लाच्या डोक्यावर टाकलं आणि नुसत्या परकरावर त्या चिखलात त्याला चिकटून बसली. आधी माझ्यावर सुरी चालवा, मग त्याच्यावर, असं तिने सांगितलं. लोक चिडले. टिफेले काठावरून म्हणाली, "अगं बये, आम्ही चिखलवाल्यांनी मेहनतीने धरून ठेवलाय, तू कशाला सोडवतेस?" सगळे हसले आणि हसण्यात वेळ गेला, तेवढ्यात अनाथ हत्ती सांभाळणाऱ्या छावणीची गाडी आली. पिल्लू तिच्याशिवाय गाडीत चढेना, म्हणून तिलाही चढवलं. अशी तिला नोकरी लागली. गाव मात्र त्या दिवशी टोपल्या रिकाम्याच घेऊन घरी गेलं, आणि ते कुणी विसरलं नाही.

छावणीचा कारभारी चिसांगा उत्तरेकडचा माणूस होता, शिकलेला आणि कडक. त्याचा पहिला नियम असा, की पिल्लाला माणसाची सवय लावायची नाही. आज ना उद्या त्याला रानात सोडायचंय. माणसाच्या मागे मागे फिरणारा हत्ती शेतात शिरतो आणि गोळी खाऊन मरतो. म्हणून सगळ्यांनी एकसारखे हिरवे डगले घालायचे, म्हणजे त्याला एक माणूस दुसऱ्यापासून ओळखू येणार नाही. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. लाड नाहीत, हाका नाहीत, नावसुद्धा नाही. बाटली धरायची, दूध पाजायचं, निघायचं.

झेलेसीने नियम जिवापाड पाळला. बाकीचे चोरून गुणगुणायचे, शिव्या द्यायचे. तिने एवढ्या वर्षांत त्या जनावरापाशी एक अक्षर उच्चारलं नाही. मनात आजोबा म्हणायची, तेवढंच. पण आजोबांसमोर जायचं आणि नमस्कार करायचा नाही, हे कसं जमावं? कुंपणाशी आली की ती गुडघे टेकायची, बाटली मांडीवर ठेवायची आणि टाळी वाजवायची. मग दूध. दिवसातून जितक्या वेळा बाटली तितक्या वेळा टाळी. छावणीतल्या सगळ्यांनी हे रोज पाहिलं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. चिसांगाला कुणी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होतं असं कुणाला वाटलंच नाही. माणूस श्वास घेतो हे कुणी कारभाऱ्याला कळवतं का?

बाटलीला उशीर झाला की आजोबा कपाळाने ढुशी द्यायचे. लहान होते तोवर ती ढुशी गोड वाटायची. मोठे झाल्यावर झेलेसी मागे कोलमडायची, बरगड्यांवर काळे-निळे वळ घेऊन घरी यायची. ती कुणाला दाखवायची नाही. तिला त्याचं कौतुकच होतं, उगाच कशाला खोटं बोला.

यथावकाश दूध तुटलं. सुळे दिसायला लागले. त्यांना नदीपलीकडच्या दाट रानात नेलं, गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा घातला, आणि होता होता एक रानटी कळप त्यांना सामावून घेऊ लागला. चिसांगाने सगळ्यांना कोंबडी खाऊ घातली. झेलेसीचं काम संपलं होतं. हिरवा डगला तिला बक्षीस मिळाला. घरी आल्यावर ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी शेतात गेली. पोटची पोर नांदायला गेली की आई रडते तसंच ते होतं, त्यात दुःखापेक्षा सुख जास्त होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मुखियाच्या अंगणात गावाची बैठक होती. रिवाजाप्रमाणे मुखिया आला तसे सगळे खाली बसले आणि एकदम टाळी वाजवली. थोड्या वेळाने पलीकडच्या बोरूच्या बनातून एक तरणा हत्ती बाहेर आला आणि शेताच्या बांधावर सोंड उंच करून उभा राहिला. गळ्यात पट्टा होता. बायका पोरांना घेऊन पळाल्या. पुरुषांनी डबे बडवले, तो गेला. मग हसू फुटलं. पाहुणा बैठकीला आला होता, पण त्याला बसायला द्यायला पाट नव्हता, असं टिफेले म्हणाली. झेलेसी तेवढी हसली नाही. टाळी वाजली आणि आजोबा दूध प्यायला आले, हे तिला जागच्या जागी कळलं. आणि या खोऱ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत टाळीशिवाय दुसरं वाजतंच काय?

ती चालत छावणीत गेली आणि चिसांगाला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. त्याने हत्तीला बेशुद्ध करून ट्रकमधून लांब नेऊन सोडलं. आजोबा परत आले. तेव्हा चिसांगाने तिला साफ सांगितलं. आता आणखी काही करता येत नाही. त्याने कुणाला इजा केली की सरकारी बंदूकवाले येतील, तसा कायदाच आहे. त्याला जगवायचं असेल तर गावाला टाळी वाजवणं थांबवायला सांग. कदाचित तो विसरेल.

झेलेसी घरोघर फिरली. फक्त हा उन्हाळा टाळी वाजवू नका, तोंडाने नमस्कार करा, मी पाया पडते. आता खरं सांगायचं तर मागणीही काही साधी नव्हती. टाळी सोडा म्हणजे कपडे काढून फिरा म्हटल्यासारखंच ते होतं. पण लोकांनी नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना टोपल्या आठवल्या. नोकरी करून आली आणि शिंगं फुटली, असं म्हणाले. हत्तीला रीतभात शिकवली, आता माणसांची काढून घ्यायला निघाली, असंही म्हणाले. मुखियाला सगळं गाव मामा म्हणतं, आणि आमच्यात मामाचा शब्द बापाच्या वर असतो. मामाने तिला उन्हात उभं ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या म्हणशील, आजोबांची झोपमोड होते, श्वास घेऊ नका."

मग तिने निदान स्वतःची टाळी सोडली. हात काखेत दाबून धरायची आणि तोंडाने नमस्कार करायची. मुखियापुढेही तसंच, हापशावरही तसंच. हे मात्र गावाला सहन झालं नाही. हापशावर तिचा हंडा शेवटी लागायला लागला. नदीकाठचा तुकडा मुखियाने दुसऱ्याला दिला. पोरं तिच्या पाठीमागे येऊन टाळ्या पिटायची आणि ती दचकून बोरूच्या बनाकडे वळून बघायची, तो एक खेळच झाला. सगळ्यांत जास्त लागलं ते एनेलेसी आजीचं बोलणं. झेलेसी तिच्यासाठी पाणी घेऊन गेली आणि टाळी न वाजवता बोलली. म्हातारीने आंधळे डोळे तिच्याकडे रोखले.

"कोण आहे?"

"मी झेलेसी, आजी."

"झेलेसीचा तर आवाज मला ठाऊक आहे, हाताचा. तो कुठाय? हात झडले का गं तुझे?"

झेलेसीने कारण सांगायला सुरुवात केली. म्हातारीने पाण्याचं भांडं चाचपलं आणि मातीत ओतलं. म्हणाली, "जनावराला टाळी आणि माणसाला पाठ. जा, त्याच्यातच राहा."

झेलेसी गेली. घरी जाऊन दार लावून तिने ते दोन्ही हात भिंतीवर आपटले. तिला वाटत होतं, पाऊस आला की कळप लांब जाईल, आजोबाही जातील, मग मी सगळ्यांच्या पाया पडेन. फक्त पाऊस येईपर्यंत काढायचं होतं.

पाऊस आला नाही. आजोबा आले, एका सकाळी, गाव शेतात गेलेलं असताना. पुढचं सगळं टिफेलेने कुंपणावरून पाहिलं. एनेलेसी आजी अंगणात एकटी बसली होती. कणगीपाशी कुणीतरी आल्याची चाहूल तिला लागली, जड पावलं आणि मोठा श्वास. कुणी थोर माणूस दमून आलाय असं तिला वाटलं असणार. ती कष्टाने गुडघ्यावर आली आणि टाळी वाजवली. उत्तर आलं नाही. तिने पुन्हा वाजवली, जरा जोरात, आणि रागावून म्हणाली की कोण आहेस तू, टाळीला टाळी द्यावी माणसाने. आजोबा पुढे आले. सोंडेने तिची मांडी चाचपली, तिथे बाटली नव्हती. तिने आणखी टाळी वाजवली. मग त्यांनी कपाळाने ढुशी दिली, उशीर झाल्यावर द्यायचे तशी. म्हातारीची हाडं म्हणजे वाळक्या काटक्या. ती पडल्यावरही ते तिथेच थांबले आणि तिच्या चितेंग्यात दूध शोधत राहिले. टिफेलेने पातेलं बडवलं तेव्हा कुठे हलले.

दफन झालं. सरकारचे दोन बंदूकवाले आले, चिसांगाही आला. बंदूकवाल्यांनी बोरूचं बन पालथं घातलं, पण बोरू डोक्याच्या दुप्पट उंच, आणि गळ्यातला पट्टा कधीचाच बंद पडलेला. हत्ती त्यांच्या दहा पावलांवर उभा असता तरी दिसला नसता. दमून ते आंब्याखाली मक्याच्या पिठाचा न्सिमा खायला बसले. चिसांगा झेलेसीकडे आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुला टाळी वाजवायला सांगितलं कुणी होतं?"

ती म्हणाली, "वडीलधाऱ्याला नमस्कार कसा नाही करायचा, साहेब?"

तेवढ्यात मुखिया तिथून गेला. चिसांगा चटकन खाली बसला आणि त्याने मुखियाला टाळी वाजवली. मग स्वतःच्याच हातांकडे बघत तो तसाच बसून राहिला.

मुखियाने बंदूकवाल्यांना सांगितलं, शोधत कशाला फिरता, जेवा निवांत. मग त्याने झेलेसीला बोलावलं. अंगणात सुतकी बायका पाय पसरून बसल्या होत्या. त्याने आवाजही चढवला नाही.

"झेलेसी, माझी आई गेली. तुझ्याकडून माफी यायचीय."

ती म्हणाली, "मामा, मागते. चर्चमध्ये मागते, कबरीपाशी मागते. म्हणाल तिथे येऊन लोळण घेते. इथे नको."

"इथेच. माझी आई इथे मेली."

"मामा, तो येईल."

"येऊ दे की. आला तर त्याचीही माफी होऊन जाईल." तो पुढे म्हणाला, "तुला कुणी जबरदस्ती करत नाही. नको मागूस. फक्त तू मरशील तेव्हा या गावातला एक माणूस तुझ्यासाठी फावडं उचलणार नाही. तरस काय करतात ते तुला ठाऊक आहे."

मग तो गावाकडे वळला आणि त्याने हुकूम दिला की आता कुणीही टाळी वाजवायची नाही, हिच्याशिवाय. आणि बघा, गाव गप्प झालं. ज्याच्यासाठी ती घरोघर पाया पडली होती ते त्या दिवशी तिला मिळालं. शेकडो हात मांडीवर मुकाट पडून राहिले. बंदूकवाले कणगीमागे जाऊन बसले.

झेलेसी गुडघ्यावर आली. अंगात तोच हिरवा डगला होता, सुतकात घालायला तिच्याकडे दुसरं धड काही नव्हतं. तिने हात उघडे, सपाट धरले आणि फटाफट टाळी वाजवली, शहरातल्यासारखी. बोरूचं पान हललं नाही. तिच्या जिवात जीव आला. पण मुखिया काही कालचा नव्हता.

"ही माफी नाही. माझ्या आईने जिचं कौतुक केलं ती वाजव."

मग मेलेल्या म्हातारीची रिकामी जागा तिला दिसली, मातीत ओतलेलं पाणी आठवलं. माफी तर तिला खरोखरच मागायची होती. आजीची मागायची होती. ती खोटी कशी मागणार? तिने तळवे पोकळ केले आणि वाजवले. ओल्या मडक्यावर थाप मारावी तसा आवाज अंगणातून नदीपर्यंत गेला. पुन्हा वाजवली, पुन्हा. वाजवताना ती रडत होती आणि ताल चुकत नव्हता.

बोरूचे शेंडे हलले. आजोबा बाहेर आले, बांधावर थांबून सोंड वर केली आणि सरळ तिच्याकडे चालत निघाले. गावातलं कुणी हललं नाही. ते जवळ येताच तिने हात थांबवले आणि तोंड उघडलं. जा, आजोबा, पळा, मारतील तुम्हाला, असं ती घसा फाटेपर्यंत ओरडली. त्यांच्या हिशेबी तो कुठल्या तरी बाईचा आवाज होता. तिचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. नियम तिने इतका चोख पाळला होता. त्यांनी सोंडेने तिची मांडी चाचपली, डगल्याचा खिसा हुंगला. बाटली नव्हती, म्हणून कपाळ खाली घालून तिला एक हलकी ढुशी दिली. ती मागे कोलमडली. तिच्यात आणि हत्तीत तेवढं अंतर पडलं, आणि बंदूकवाल्यांना तेवढंच हवं होतं.

आवाज विरल्यावर मुखिया पुढे आला, खाली बसला आणि तिला टाळीने उत्तर दिलं. माफी पोचली होती. रिवाजात कुठेही खोट राहिली नाही.

मग सुऱ्या निघाल्या, टोपल्या निघाल्या, मीठही होतंच. चिसांगा गाडीत बसून निघून गेला. वाटे पडले. टिफेले एक भरलेली थाळी दोन्ही हातांत धरून झेलेसीपुढे आली. चेष्टेचं नातं, तिला हक्कच होता. म्हणाली, "चिखलातून काढला तेव्हा एका टोपलीचा होता. तू दूध पाजून मोठा केलास म्हणून गावाला पुरला." कुणी हसलं नाही. खुद्द टिफेलेसुद्धा नाही, पण थाळीही तिने मागे घेतली नाही. कुणी काही देत असलं तर आधी टाळी वाजवायची असते. सगळं गाव झेलेसीच्या हातांकडे बघत होतं. तिने गुडघे टेकले, टाळी वाजवली आणि थाळी घेतली. थाळी घरात नेऊन त्या मांसाचं तिने काय केलं, ते कुणी पाहिलं नाही.

नदीकाठचा तुकडा मुखियाने तिला परत दिला. हापशावर आता तिचा हंडा वेळेवर लागतो. ती लहानथोर सगळ्यांना टाळी वाजवते, आणि लोक म्हणतात, जरा भरकटली होती, पण वळणावर आली. आया आपल्या पोरींना पुन्हा तिच्याकडे शिकायला पाठवतात. ती शिकवते. गुडघे नीट टेक, तळवे पोकळ धर, घाई करू नकोस. पोरी वाजवायला लागल्या की मात्र ती उठते आणि बोरूच्या बनाकडे पाठ करून बसते.